क्रिएटिनिन नॉर्मल आहे, एवढ्यावर किडनी घेऊ नका

‘क्रिएटिनिन पॉइंट आठ आहे, अगदी नॉर्मल. एका किडनीवर माणूस आरामात जगतो. उगाच तपासण्यांचं शेपूट वाढवू नका, पेशंटचे दिवस चाललेत.’

घरच्या माणसाला किडनी द्यायला निघालेल्या दात्याला हे ऐकावं लागतं. आपल्याकडे हा दाता बहुतेक वेळा बायको किंवा आई असते. सांगणारे वाईट हेतूने सांगत नाहीत. परळच्या ओपीडीबाहेर बाकावर शेजारी बसलेला, या सगळ्यातून गेलेला नातेवाईक सांगतो. वडाळ्यात आमच्या शेजारपाजारची शहाणीसुरती माणसं सांगतात. घाईत असलेला एखादा डॉक्टरही सांगून जातो. तरी हे म्हणणं मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर मांडायला हवं, कारण त्याच्या भरवशावर माणसं ऑपरेशनच्या टेबलावर जातात.

आधी समोरच्या बाजूचं खरं तेवढं मान्य करतो. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिसच्या खुर्चीला बांधलेला माणूस घरात असला की त्या घराला दुसरं काही सुचत नाही. वडाळा, अँटॉप हिल, नायगाव इथल्या कुटुंबांना एका हाताला परळचं केईएम, दुसऱ्या हाताला शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राचं कार्यालयही शीवलाच. पण तिथल्या प्रतीक्षायादीत नाव घालून मृत दात्याच्या किडनीची वाट पाहायची, तर वर्षं जातात. मग घरातल्याच कुणीतरी पुढे व्हायचं ठरतं. केईएममध्ये मे १९६५ मध्ये देशातलं पहिलं किडनी प्रत्यारोपण झालं ते मृत दात्याच्या किडनीचं होतं आणि रुग्ण थोड्याच दिवसांत दगावला. जिवंत दात्याच्या किडनीचं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झालं. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या देशातलं किडनी प्रत्यारोपण मुख्यतः जिवंत दात्यांच्या बळावर चाललं आहे. या दात्याला कसलाही आजार नसतो आणि ऑपरेशनचा त्याच्या शरीराला काडीचा फायदा नसतो. चांगल्या अंगावर सुरी चालवायची, तर त्या अंगाची तपासणी रुग्णाच्या तपासणीपेक्षा कडक हवी. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती सैल असते.

क्रिएटिनिन ही स्नायूंच्या रोजच्या कामातून रक्तात येणारी घाण. किडनी ती गाळून लघवीतून बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातला तिचा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किडनी किती गाळते आणि स्नायू मुळात किती तयार करतात. व्यायामशाळेत घडलेल्या तरुणाचं क्रिएटिनिन १.३ असूनही त्याची किडनी ठणठणीत असू शकते. उलट अंगावर मांस नसलेल्या, आयुष्यभर भात-आमटी-भाजीवर राहिलेल्या बाईचं ०.८ असेल, तर त्या आकड्यामागे मंदावलेली किडनी दडलेली असू शकते. लॅबच्या कागदावर मात्र बाईच्या आकड्यापुढे ‘नॉर्मल’ छापलेलं असतं.

हे हवेत बोलत नाही, हिशेब करून दाखवतो. समजा, वडाळ्यातली ५० वर्षांची एक बाई. वजन ४२ किलो, उंची १४८ सेंटिमीटर, क्रिएटिनिन ०.८. तिला नवऱ्याला किडनी द्यायची आहे. किडन्या मिनिटाला किती गाळतात तो वेग म्हणजे जीएफआर. आज लॅबवाले बहुधा वापरतात ते २०२१ चं अमेरिकन सीकेडी-ईपीआय सूत्र. त्यात हे आकडे घातले की उत्तर येतं जवळपास ९० मिलिलिटर. झकास. आता कराचीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दक्षिण आशियाई लोकांची प्रत्यक्ष मोजणी करून दुरुस्त केलेलं, याच सूत्राचं आधीचं रूप लावा. तेच रक्त, तीच बाई, उत्तर ७७.

अजून थांबू नका. हे दोन्ही आकडे १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीरासाठी आहेत. हे माप १९२८ मध्ये अमेरिकेतल्या पंचविशीच्या माणसांच्या सरासरीवरून धरलं गेलं आणि जगभर तसंच राहिलं. आपल्या बाईच्या शरीराचा पृष्ठभाग आहे १.३ चौरस मीटर. तिच्या अंगाला बसवून पाहिलं, तर ९० चे होतात ६८ आणि ७७ चे ५८. वजन थेट हिशेबात घेणारं १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र ५६ सांगतं. तेही कॅनडातल्या २४९ पुरुषांवर बेतलेलं आहे. बाईसाठी उत्तरातून १५ टक्के वजा करायचे, हा केवळ अंदाज. यातलं खरं उत्तर कोणतं ते सूत्र सांगू शकत नाही. कारण सूत्र हा अंदाजच असतो, आणि तो कुणाच्या शरीरावरून बांधला यावर त्याची भिस्त असते. चंडीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी इन्युलिन शिरेतून देऊन भारतीयांचा जीएफआर प्रत्यक्ष मोजला. २०१८ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की प्रचलित क्रिएटिनिन-सूत्रं भारतीयांचा आकडा फुगवून सांगतात. हे वाचल्यावरही ‘पॉइंट आठ, नॉर्मल’ म्हणून फाइल पुढे सरकत असेल, तर तो निष्काळजीपणा आहे.

यावर पहिलं उत्तर मिळतं: ‘आम्ही २४ तासांची लघवी तपासतो की.’ तपासता, चांगलं आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही ही पद्धत मान्य आहे. पण ती चाचणी कोण आणि कशी करतं ते बघा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, तिथून पुढे दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंत थेंबन् थेंब कॅनमध्ये. धुण्याभांड्याची चार कामं करणारी, हार्बर लाइनने ये-जा करणारी बाई तो पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन कुठे ठेवणार? दिवसभर लघवी दाबून धरणं ही या शहरातल्या कष्टकरी बायकांची रोजची सवय आहे. कामाच्या घरी एकदा जाऊन यावं लागलं की त्या वेळची लघवी गेली आणि उत्तर खाली आलं. उलट पहिली लघवी टाकायची राहिली की उत्तर वर गेलं. भर म्हणून किडनीच्या नलिका थोडं क्रिएटिनिन स्वतःहूनही लघवीत सोडतात, त्यामुळे नीट गोळा केलेल्या लघवीचं उत्तरही खऱ्या जीएफआरपेक्षा चढंच येतं. लघवी पूर्ण आली का हे ताडण्याचा सोपा मार्ग आहे: दिवसभरात बाहेर पडलेलं एकूण क्रिएटिनिन तिच्या वजनाच्या मानाने पटण्याजोगं आहे का ते पाहायचं. ते न पाहता फक्त शेवटचा आकडा फाइलला टाचला, तर त्या चाचणीला काही अर्थ उरत नाही.

दुसरं उत्तर: ‘डीटीपीए स्कॅन केलं आहे.’ हे उत्तर जास्त वजनदार आहे आणि त्याचा विचारही जास्त बारकाईने व्हायला हवा. मुंबईला या शास्त्राचा जुना वारसा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासूनचं, आणि ते परळलाच, जेरबाई वाडिया मार्गावर टाटा रुग्णालयाच्या अॅनेक्समध्ये आहे. म्हणजे वडाळ्याच्या दात्याला अणुवैद्यक काही परदेशात शोधायचं नाही. डीटीपीए हा पदार्थ फक्त गाळला जातो. शरीर तो तयार करत नाही आणि स्नायूंशी त्याचा संबंध नाही. टेक्नेशियम-९९एम हे सहा तासांत निम्मं होणारं किरणोत्सर्गी द्रव्य त्याला जोडून शिरेत देतात. इथपर्यंत एकच रस्ता. पुढे दोन फाटे फुटतात आणि तेच दात्याला कुणी सांगत नाही.

एका पद्धतीत बाई गॅमा कॅमेऱ्यावर झोपते. कॅमेरा पहिल्या काही मिनिटांत प्रत्येक किडनीत किती किरण जमले ते मोजतो, आणि किडनी त्वचेपासून किती खोल आहे याचा वजन-उंचीवरून अंदाज घेऊन जीएफआर काढतो. ही गेट्सची पद्धत. झटपट होते, रक्त काढावं लागत नाही, म्हणून सगळीकडे हीच चालते. पण तिच्या पोटातही अंदाज आहेच. खोलीचा अंदाज चुकला की आकडा चुकला. दुसऱ्या पद्धतीत इंजेक्शननंतर ठरावीक वेळांनी, उदाहरणार्थ दोन आणि चार तासांनी, रक्त काढतात आणि रक्तातून द्रव्य किती वेगाने गेलं ते मोजतात. या आकड्यावर जास्त विसंबता येतं. बाईला अर्धा दिवस बसावं लागतं, आणखी दोनदा सुई टोचावी लागते, एवढाच तिचा भाव. कॅमेऱ्याचा उपयोग वेगळा आणि फार मोलाचा आहे: डावी किती काम करते आणि उजवी किती, हे तो सांगतो. दोघींत ठळक फरक असेल, तर चांगली किडनी दात्याकडे ठेवायची आणि कमी काम करणारी काढायची, हा या शास्त्रातला जुना, माणुसकीचा नियम आहे. म्हणून स्कॅनही हवं आणि रक्ताचे नमुनेही. आणि रिपोर्टवर नुसतं ‘जीएफआर ९२’ असं न लिहिता तो कोणत्या पद्धतीने काढला हेही लिहिलेलं हवं.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायचं आहे. काही जण म्हणतात, ९० च्या खाली आकडा आला की दाता बाद, विषय संपला. हा आकडा केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनातून आला. तिथे ९० आणि वर असेल तर स्वीकारार्ह, ६० च्या खाली असेल तर नकार, आणि मधल्या पट्ट्यात माणूस बघून निर्णय, असं म्हटलेलं आहे. आपल्याकडे मधला पट्टा अनेकदा गाळूनच वाचला जातो. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचं शीर्षकच एक प्रश्न होता: भारतातल्या निरोगी संभाव्य किडनीदात्यांचा सरासरी जीएफआर ८१.४ आहे का? निरोगी माणसांची सरासरीच ८१ च्या आसपास असेल, तर ९० ची भिंत उभारून आपण निम्म्याहून जास्त धडधाकट माणसांना आजारी ठरवतो. त्याचा परिणाम उलटाच होतो. खरी मोजणी ८२ आली की ती बाजूला पडते आणि फुगवणाऱ्या सूत्राचे ९३ फाइलला लागतात, कारण मंजुरी देणाऱ्या समितीपुढे ते बरे दिसतात. कडक नियमाच्या नावाखाली खोटा आकडा जिंकतो.

ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शनात सरसकट एक आकडा नाही. वय आणि स्त्री-पुरुष पाहून उंबरठे वेगळे आहेत. हे शहाणपणाचं आहे. ६२ वर्षांच्या आईचा मोजलेला जीएफआर ७८ असेल, रक्तदाब नीट असेल, लघवीत अल्ब्युमिन नसेल, साखर नसेल, तर तिच्या पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधता येतो आणि तिला होकार देता येतो. २६ वर्षांच्या मुलीचा तोच ७८ असेल आणि वडिलांची किडनी मधुमेहाने गेली असेल, तर मी तिला नको म्हणेन. तिच्यापुढे पन्नास-साठ वर्षं आहेत, बाळंतपणं आहेत, आणि ज्या रोगाने वडिलांना इथवर आणलं त्याचा वारसा तिच्या रक्तात असू शकतो. क्रिएटिनिन दोघींचंही ०.७ असेल.

आता ते ‘एका किडनीवर आरामात जगतो’. किडनी काढल्यावर उरलेली किडनी जोर लावते आणि एकूण काम निम्म्यावर न येता पूर्वीच्या ६० ते ७० टक्क्यांवर स्थिरावतं. हा निसर्गाचा मोठा उपकार आहे. पण ९० चे ६० टक्के आणि ७७ चे ६० टक्के यांत पन्नाशीच्या बाईसाठी फार अंतर आहे. दुसऱ्या हिशेबात ती ५० च्याही खाली जाते, आणि वयाची उतरण तिथून सुरू होते. अमेरिकेत ९६,००० हून जास्त दात्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १५ वर्षांत दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३१ जणांच्या किडन्या पूर्ण निकामी झाल्या. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या लोकांत हे प्रमाण होतं सुमारे ४. धोका लहान आहे, मी तो फुगवून सांगत नाही. पण तो शून्य नाही, आणि हे आकडे नीट पारखून घेतलेल्या दात्यांचे आहेत. पारख सैल ठेवून तेच आकडे आपल्या दात्याला धीर द्यायला वापरणं अप्रामाणिक आहे. कॅनडातल्या २०१५ च्या अभ्यासात किडनी दिलेल्या बायकांच्या ११ टक्के गरोदरपणांत रक्तदाबाचा त्रास झाला, न दिलेल्यांत ५ टक्के. पहिलटकरीण व्हायच्या आधी किडनी द्यायला निघालेल्या किती मुलींना ही गोष्ट तोंडावर सांगितली जाते?

बायकांचा विषय इथे सतत येतो, कारण तो टाळणं शक्य नाही. राष्ट्रीय नोंदीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या प्रत्यारोपणांत दर पाचपैकी चार अवयव पुरुषांना मिळाले. देणाऱ्यांत बायका जास्त. कायद्याने याची थोडी दखल घेतली आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्याखालच्या २०१४ च्या नियमांत म्हटलं आहे की दाता स्त्री असेल तर जास्त दक्षता घ्यावी, तिची ओळख आणि स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी पडताळावी. ऐंशीच्या दशकात मुंबईत किडनीचा बाजार भरला होता आणि २०१६ मध्ये पवईत खोटी बायको उभी करून किडनी घेतल्याचं प्रकरण उघडकीला आलं. त्यामुळे लग्नाचे फोटो, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले कसून तपासले जातात, आणि ते तपासलेच पाहिजेत. पण खरी बायको, खरी आई समोर आली की दक्षता तिथेच संपते. दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य असल्याचा दाखला ज्या चार नंबरच्या फॉर्मवर दिला जातो, त्यावर डॉक्टर लिहून देतो की दात्याची प्रकृती ठीक आहे आणि तो अवयव काढण्यास योग्य आहे. जीएफआर किती, कुठल्या पद्धतीने मोजला, कुठल्या तारखेला, याला त्या फॉर्मवर जागाच नाही. नात्याचा पुरावा कागदोपत्री लागतो आणि किडनीचा पुरावा सहीवर भागतो.

शेवटी उरतो सर्वांत भावनिक आक्षेप: तपासण्या वाढवाल तर दाते घाबरतील आणि पेशंट मरतील. मी याला ठाम नकार देतो. दात्याची किडनी कमी काम करत असेल, तर तीच किडनी रुग्णाला मिळणार आहे. ४२ किलोच्या बाईची लहान, काठावरची किडनी ८० किलोच्या नवऱ्याला पुरेल का, हा प्रश्न नवऱ्याच्याही हिताचा आहे. शिवाय सरासरीच ८१ च्या आसपास असलेल्या देशात खरी मोजणी केली आणि आकडा वयाच्या मानाने वाचला, तर ९० च्या भिंतीला अडकलेले कितीतरी दाते आत येतील. मोजणीमुळे दाते घटतात हे गृहीतच चुकीचं आहे. आणि खर्चाचं म्हणाल, तर प्रत्येक दात्याचं सीटी अँजिओ होतंच. त्यात जी रंगद्रव्यं शिरेतून देतात त्यांतलं आयोहेक्सॉल हे जगभर जीएफआर मोजायलाही वापरलं जातं. औषध हॉस्पिटलच्या कपाटात आहे. कमी आहे ती वेळेवर रक्त काढण्याची शिस्त आणि ते मोजणारी प्रयोगशाळा. सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर न विसंबणारी साधी रक्तचाचणीही आहे. थायरॉइड, स्टेरॉइड, लठ्ठपणा यांनी तिचा आकडा हलतो, पण क्रिएटिनिनच्या जोडीला ती घेतली तर अंदाज पुष्कळ सुधारतो.

माझं मागणं राज्याच्या आरोग्य खात्याकडे आणि प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलकडे आहे. चार नंबरच्या फॉर्मसोबत मोजलेल्या जीएफआरचा रिपोर्ट सक्तीचा करा, त्यावर पद्धत आणि तारीख लिहा, आकडा १.७३ ला बसवलेला आणि दात्याच्या अंगाचा असा दोन्ही द्या. ज्या डॉक्टरच्या हाताखाली रुग्ण आहे, त्याच्याकडून दात्याची पारख करून घेऊ नका. ब्रिटनमध्ये दात्याची मुलाखत घ्यायला स्वतंत्र माणूस असतो, आपल्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तो नेमणं अवघड नाही. आणि ऑपरेशननंतर दात्याला दर वर्षी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तदाब यांसाठी नावानिशी बोलावा.

दात्याच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे: तिचे कागद नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फाइलमध्ये ठेवू नका. तिचा केस पेपर वेगळा काढून घ्या, आणि सही करण्याआधी तिच्या देखत डॉक्टरांना विचारा, ‘हिचा जीएफआर मोजलाय की सूत्राने काढलाय?’